मधली मोकळी जमीन : दलारोशच्या ‘गीझच्या ड्यूकची हत्या’ या चित्राचा प्रकरण अभ्यास

वर्गात हे चित्र दाखवायच्या आधी मी फळ्यावर खडूने एक चौकट आखते. उंची ५७ सेंटिमीटर, रुंदी ९८. म्हणजे दोन फुटांना जरा कमी उंच आणि सव्वातीन फुटांच्या आत रुंद. मुलं विचारतात, एवढंच? हो, एवढंच. फ्रान्सच्या राजाने आपल्या सर्वांत बलाढ्य सरदाराला स्वतःच्या झोपायच्या खोलीत मारवलं, त्या सकाळचं हे चित्र. पॉल दलारोशने ते १८३४ साली पूर्ण केलं. कुठल्याही दिवाणखान्यात सोफ्याच्या वर सहज मावेल.

मग पडद्यावर चित्र येतं आणि मी विचारते, पहिली नजर कुठे गेली? बहुतेक जण उजवीकडच्या प्रेताकडे बोट दाखवतात, काही जण डावीकडच्या तलवारवाल्यांच्या घोळक्याकडे. दर वर्षी एखादं मूल मात्र चाचरत म्हणतं, “मॅडम, मधे तर काहीच नाही.” माझा सगळा तास त्या वाक्यावर उभा असतो. हे लेखनही त्याच वाक्याबद्दल आहे.

चित्रात आहे ते असं. एक खोली, लाकडी फळ्यांनी मढवलेली, काळोखी. उजव्या टोकाला उंच छताचा पलंग, आणि पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर उताणा पडलेला एक उंच माणूस. डाव्या टोकाला दारावरचा पडदा बाजूला सारून आत डोकावणारा राजा. त्याच्या पुढ्यात मारेकऱ्यांची दाटी. एक जण वाकून प्रेताकडे हात करतोय, जणू ‘झालं काम, महाराज’. एक जण तलवार म्यानात घालतोय. खुर्ची आडवी झालेली, गालिचा चुरगळलेला. या दोन टोकांच्या मध्ये रिकामी जमीन. चित्राचा सर्वांत मोठा भाग त्या जमिनीने घेतलेला आहे, आणि तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही.

२३ डिसेंबर १५८८

घटना माहीत नसली तरी चित्र अंगावर येतंच. पण माहीत असली की ती रिकामी जमीन भरून येते, म्हणून ती सकाळ जरा सविस्तर सांगते.

फ्रान्समध्ये तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात पंचवीस वर्षं यादवी चालू होती. राजा तिसरा आंरी निपुत्रिक. १५८४ मध्ये त्याचा धाकटा भाऊ वारला आणि गादीचा पुढचा वारस ठरला नावारचा आंरी, जो प्रोटेस्टंट होता. कॅथलिकांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या ‘होली लीग’चा पुढारी होता गीझचा ड्यूक आंरी. उंचपुरा, देखणा, लढाईत चेहऱ्यावर झालेल्या जखमेमुळे ‘ल बालाफ्रे’, म्हणजे व्रणवाला, या नावाने पॅरिसभर लाडका. तिघांचंही नाव आंरी, म्हणून या संघर्षाला तीन आंरींचं युद्ध म्हणतात.

१२ मे १५८८ ला राजाने मनाई केलेली असतानाही गीझ पॅरिसमध्ये होता, आणि शहर राजाविरुद्ध उठलं. लोकांनी माती भरलेली पिंपं रस्त्यांवर रचून राजाच्या सैनिकांच्या वाटा अडवल्या. दुसऱ्याच दिवशी राजा स्वतःच्या राजधानीतून पळाला. पुढे नाइलाजाने त्याने लीगच्या अटी मान्य केल्या, गीझला सैन्याचा सर्वोच्च अधिकार दिला आणि ल्वार नदीकाठच्या ब्लवाच्या किल्ल्यात तिन्ही वर्गांच्या, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन यांच्या, प्रतिनिधींची सभा बोलावली. सभेतही गीझचीच माणसं जास्त. राजाच्या हातात मुकुट उरला होता, राज्य नव्हतं. त्याच उन्हाळ्यात स्पेनच्या आरमाराचा इंग्लंडसमोर बोजवारा उडाला आणि गीझच्या पाठीशी असलेला स्पेनचा हात सैल झाला. राजाला उसंत मिळाली ती इथे.

गीझला इशारे मिळाले नाहीत असं नाही. जेवताना रुमालाखाली कुणीतरी चिठ्ठी ठेवली होती : तुमच्या जिवाला धोका आहे. त्याने तिच्यावरच लिहिलं, ‘हिंमत होणार नाही’, आणि ती टेबलाखाली टाकून दिली, असं वृत्तांत सांगतात.

२३ डिसेंबरला राजा पहाटे चारला उठला. आपल्या ‘पंचेचाळीस’ अंगरक्षकांपैकी निवडक लोकांना त्याने वर बोलावलं, खंजीर दिले. हे बहुतेक गॅस्कनीचे गरीब, मानी सरदारपुत्र. राजाशिवाय त्यांना कुणाचा आधार नव्हता. आठ जण राजाच्या शयनकक्षात, बाकीचे पलीकडच्या जुन्या दालनात दबा धरून. पुरोहितांना प्रार्थनेला बसवलं होतं : राजाच्या मनातलं राज्यहिताचं एक काम तडीस जावं म्हणून. कोणतं काम ते त्यांना सांगितलं नव्हतं.

गीझ उशिरा उठला. रात्र त्याने एका दरबारी स्त्रीच्या महालात काढली होती. सकाळची सल्लामसलत भरली तेव्हा त्याला थंडी वाजत होती. शेकोटी वाढवायला सांगितली. नाकातून रक्त आलं, रुमाल मागवला. काही खायला हवं म्हणाला, तर सुकवलेले आलुबुखार मिळाले. ते त्याने आपल्या शिंपल्याच्या आकाराच्या चांदीच्या डबीत भरले आणि उरलेले टेबलावर टाकत सोबत्यांना विचारलं, कुणाला हवेत? हा तपशील मला कधी विसरता येत नाही. राज्य उलथवू शकणारा माणूस, आणि शेवटच्या क्षणी त्याच्या हातात आलुबुखाराची डबी.

इतक्यात राजाचा सचिव रेव्होल आला : महाराजांनी जुन्या दालनात बोलावलंय. तो इतका पांढराफटक पडला होता की निघताना राजानेच त्याला गाल चोळायला सांगितले होते म्हणतात. जुन्या दालनाकडे जायचा एरवीचा दरवाजा बंद केलेला. गीझला राजाच्या शयनकक्षातूनच जावं लागणार होतं. तो आत शिरला, उभ्या असलेल्या अंगरक्षकांना नमस्कार केला आणि पुढे चालू लागला. ते मागोमाग निघाले. पलीकडच्या दारापाशी पोचता पोचता त्याने मागे वळून पाहिलं आणि पहिला वार पडला.

तो एकदम कोसळला नाही. अंगरख्यात तलवार अडकलेली, चारी बाजूंनी खंजीर, तरीही या ताकदवान माणसाने मारेकऱ्यांना अंगावर वागवत, ओढत अख्खी खोली पार केली आणि राजाच्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन पडला.

म्हणजे चित्रातली ती मधली मोकळी जमीन मुळात मोकळी नाहीच. झटापट तिच्यावरच झाली. एक माणूस मरता मरता तिच्यावरून चालत गेला. दलारोशने ती पुसून स्वच्छ केली आणि मागे ठेवली एक आडवी खुर्ची आणि एक चुरगळलेला गालिचा.

कोणता क्षण

दलारोशचं खरं काम इथून सुरू होतं. इतिहासाचं चित्र काढणाऱ्यापुढे पहिला प्रश्न रंगांचा नसतो, घटिकेचा असतो. या प्रकरणात निवडायला घटिका पुष्कळ होत्या. टेबलाखाली टाकलेली चिठ्ठी. दारापाशी मागे वळलेलं डोकं. उगारलेले खंजीर. आणि सर्वांत नाट्यमय म्हणजे राजा प्रेताजवळ येतो तो प्रसंग. आख्यायिका अशी की राजाने प्रेताला लाथ मारली आणि म्हणाला, केवढा उंच हा! मेल्यावर जिवंतपणीपेक्षाही उंच दिसतो.

ही लाथ शार्ल द्युर्यूने १८३२ मध्ये रंगवली होती, ते चित्र ब्लवाच्या किल्ल्यातच आहे. त्यात राजा पायाने प्रेताला ढोसतो. बघणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही : दुष्ट कोण, बिचारा कोण, सगळं त्या एका पायात आलं. दलारोशने दोनच वर्षांनी तोच प्रसंग घेतला आणि घड्याळाचा काटा मिनिटभर मागे नेला. त्याचा राजा अजून दारातच आहे. तो खोलीत येईल, प्रेतापाशी जाईल, लाथही मारेल कदाचित. पण आत्ता तो फक्त विचारतोय, मेला का?

माझ्या मते चित्राचा सगळा जोर या प्रश्नात आहे. राजाला विजय झालाय असं वाटत नाही. ज्याने हुकूम दिला तो सर्वांत शेवटी खोलीत येतो आणि सर्वांत दूर उभा राहतो. मारणाऱ्यांना आपण केलेल्या कामाची पावती हवी आहे, मारवणाऱ्याला खात्री. प्रेताकडे जाण्याची घाई मात्र कुणालाच नाही. जिवंत माणसं एकमेकांना इतकी चिकटून उभी आहेत की त्यांची भीती त्या दाटीतूनच कळते, आणि मेलेल्याला ऐसपैस जागा आहे.

आपण चित्रही वाचल्यासारखं डावीकडून उजवीकडे पाहतो. फ्रेंच माणूसही तसाच वाचतो. त्यामुळे आपला प्रवेश राजाच्या बाजूने होतो. पडदा सारून आत येणारे आपणही आहोत, आणि मधली जमीन ओलांडायची आहे ती आपल्यालाही. प्रेत डावीकडे आणि राजा उजवीकडे असता तर आपण आधी मृताशेजारी उभे राहिलो असतो आणि राजाकडे आरोपीसारखं पाहिलं असतं. दलारोशने ती सोय ठेवली नाही. एकदा वर्गात मी हे चित्र मुद्दाम आरशातल्यासारखं उलटं करून दाखवलं. मुलं म्हणाली, आता हे दुःखाचं चित्र झालं. आधी ते कशाचं होतं, असं विचारल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला : धाकधुकीचं.

उंचीची आख्यायिकाही त्याने वाया घालवलेली नाही. शब्दांत जे राजाच्या तोंडी आहे ते इथे आकारात आहे. आडवा पडलेला गीझ चित्रातला सर्वांत लांब माणूस आहे, कारण बाकीचे सगळे एकमेकांच्या आड झाकले गेलेत आणि तो एकटाच पुरता दिसतो.

दलारोशची ही सवयच होती, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय हे चित्र नीट लागत नाही. १८३१ मध्ये त्याने क्रॉमवेल दाखवला तो शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्सच्या शवपेटीचं झाकण उचलून आत पाहणारा. त्याच वर्षी लंडनच्या टॉवरमधले दोन राजपुत्र दाखवले ते मरताना नव्हे. पलंगावर बिलगून बसलेले, आणि दाराखालच्या फटीत उजेड. १८३४ मध्ये लेडी जेन ग्रे, डोळ्यांवर पट्टी, हाताने चाचपडत मान ठेवायचा ठोकळा शोधणारी. प्रत्येक चित्रात मरण आहे आणि एकातही वार नाही. तो एक तर आधीच्या श्वासापाशी थांबतो, नाही तर नंतरच्या. क्रॉमवेल आणि तिसरा आंरी शेजारी ठेवून पाहा : मारवणारा मेलेल्याला पाहायला येतो, ही एकच गोष्ट त्याने दोनदा सांगितली. क्रॉमवेल झाकण उचलण्याइतका जवळ गेला. आंरीला ते जमलं नाही.

फरक आकाराचाही आहे. जेन ग्रे आठ फूट उंच आणि पावणेदहा फूट रुंद, जवळपास माणसाएवढ्या आकृत्या. सालों प्रदर्शनात लोटणाऱ्या गर्दीसाठी. गीझ फळ्यावरच्या चौकटीएवढा. इतिहासचित्र म्हणजे भव्य कॅनव्हास, हा तेव्हाचा फ्रेंच दंडक. घरगुती प्रसंग छोट्या आकारात, राजेरजवाड्यांचे मोठ्या. दलारोशने राजकीय हत्या घरगुती आकारात बसवली आणि गंमत अशी झाली की ती हत्या मुळातही घरगुतीच होती. रणांगण नाही, सभागृह नाही. पलंग, खुर्ची, गालिचा, दारावरचा पडदा. लहान चित्राजवळ जावं लागतं, वाकावं लागतं. डावीकडच्या त्या वाकलेल्या माणसासारखंच.

दलारोश चित्रं रचताना छोट्या पुतळ्या करून प्रकाश कुठून पडतो ते पाहत असे, आणि त्याच्या खोल्या रंगमंचासारख्या दिसतात याचं कारण यातही असावं. टीकाकारांनी हेच त्याच्या विरुद्ध वापरलं : हा चित्रकार नव्हे, नाटकवाला, कपड्यांच्या घड्यांत रमणारा. तेओफिल गोतिएने तर त्याचा पिच्छा सोडला नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. मखमल, पिसांच्या टोप्या, घट्ट विजारी यांवर त्याने जीव ओतलाय, आणि काही चेहरे त्या मानाने ठोकळेबाज राहिलेत. पण रंगमंच ही इथे उणीव कशी? ब्लवाला त्या सकाळी खरंच रंगमंच उभारला होता. दरवाजे बंद करून वाट ठरवली होती, प्रत्येकाची जागा नेमली होती, सचिवाला चेहरा नीट करून पाठवला होता. बेत नाटकासारखा होता, म्हणून चित्र नाटकासारखं आहे.

हे चित्र कुणाच्या घरी होतं

चित्र १८३५ च्या सालोंमध्ये मांडलं गेलं, पण ते मुळात प्रदर्शनासाठी नव्हतं. मागणी होती ऑर्लेआँचा ड्यूक फर्दिनाँ-फिलिप याची. वय पंचविशीच्या आत, राजा लुई-फिलिपचा थोरला मुलगा, म्हणजे गादीचा वारस.

या घराण्याने हा विषय निवडावा यात मला फार अर्थ दिसतो. लुई-फिलिप १८३० च्या क्रांतीने राजा झाला तो थोरल्या बूर्बों शाखेला बाजूला सारून. धाकटी पाती गादीवर आली. त्याचे वडील फिलिप, ‘एगालिते’ म्हणून ओळखले जाणारे, यांनी क्रांतीच्या काळात सोळाव्या लुईच्या, आपल्याच आप्ताच्या, मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं होतं आणि त्याच वर्षी, १७९३ मध्ये, स्वतःही गिलोटिनखाली गेले होते. राजा म्हणजे काय, गादीच्या जवळ उभं राहणं म्हणजे काय, हे या घराला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तिसऱ्या आंरीचा काळ त्यांच्या अवतीभवती गाजतही होता : लुदोव्हिक व्हितेने १८२७ मध्ये ब्लवाच्या याच हत्येवर संवादरूप प्रसंग लिहिले, आणि १८२९ मध्ये कॉमेदी-फ्रांसेझमध्ये तिसऱ्या आंरीच्या दरबारावरचं नाटक गाजवणारा अलेक्सांद्र द्युमा तेव्हा लुई-फिलिपच्याच कचेरीत कारकून होता.

सालों मार्चमध्ये सुरू झालं. २८ जुलै १८३५ ला पॅरिसच्या बुलव्हार द्यु ताँप्लवरून लुई-फिलिपची स्वारी जात असताना फिएस्की नावाच्या माणसाने एका खिडकीतून पंचवीस नळ्यांच्या बंदुकयंत्राने गोळ्या झाडल्या. अठरा माणसं गेली, त्यांत मार्शल मोर्तिए होता. राजाच्या कपाळाला गोळी चाटून गेली. फर्दिनाँ-फिलिप वडिलांसोबत घोड्यावर होता. घरी परतल्यावर भिंतीवरच्या त्या चित्राकडे त्याने कोणत्या नजरेने पाहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

याच राजपुत्राने दलारोशच्या चित्राला जोड म्हणून दुसरं चित्र मागवलं, तेही अँग्रकडून. तेव्हाचे हे दोन चित्रकार म्हणजे दोन वेगळी घराणी. अँग्रने विषय घेतला आंतिओकस आणि स्त्रातोनीस : सावत्र आईवरच्या प्रेमाने आजारी पडलेला राजपुत्र, नाडी पाहून रोग ओळखणारा वैद्य, पलंगाशी कोसळलेला बाप. आकार हुबेहूब तोच, ५७ बाय ९८. अँग्रने रोममध्ये बसून, खोडत, पुन्हा रंगवत, ते १८४० मध्ये पूर्ण केलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की पलंगाला पलंग लागतो. एका पलंगाच्या पायथ्याशी मेलेला माणूस आणि दारात राजा. दुसऱ्या पलंगावर मरू घातलेला राजपुत्र, आणि त्याला वाचवायला आपली राणी सोडणारा राजा. एकात राजा स्वतःला वाचवतो, दुसऱ्यात वारसाला. गादीच्या वारसाने ही जोडी आपल्या घरात लावली होती.

तो राजा झालाच नाही. १३ जुलै १८४२ ला पॅरिसजवळ नयी इथे त्याच्या गाडीचे घोडे उधळले, तो रस्त्यावर पडला आणि काही तासांत गेला. वय एकतीस. त्याच वर्षी अँग्रने त्याचं व्यक्तिचित्र नुकतंच पूर्ण केलं होतं. १८४८ मध्ये लुई-फिलिपची गादीही गेली आणि घराणं परागंदा झालं.

चित्र जे सांगत नाही

मला या चित्राबद्दल एक तक्रार आहे आणि ती मी वर्गातही लपवत नाही.

उताणा पडलेला गीझ फार देखणा आहे. क्रूसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताची आठवण यावी इतका. समोरचा घोळका भेदरलेला, राजा फिकट. बघणाऱ्याची सहानुभूती कुठे जाणार हे ठरलेलंच आहे. पण हाच गीझ सोळा वर्षांपूर्वी, १५७२ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसमध्ये एका घराच्या अंगणात उभा होता. वर त्याच्या माणसांनी प्रोटेस्टंटांचा पुढारी अ‍ॅडमिरल कोलिन्यी याला अंथरुणातच भोसकलं आणि खिडकीतून खाली फेकलं. गीझने मेला आहे तो कोलिन्यीच, याची खात्री करून घेतली. त्या पहाटेपासून सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशीची कत्तल सुरू झाली आणि पॅरिसमध्ये हजारो प्रोटेस्टंट मारले गेले.

आणि कोलिन्यी का? तर १५६३ मध्ये गीझचे वडील फ्रांस्वा मारले गेले त्यामागे कोलिन्यी होता अशी गीझ घराण्याची खात्री होती. म्हणजे १५६३, १५७२, १५८८. पुढेही साखळी तुटली नाही. गीझच्या दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ, कार्डिनल गीझ, मारला गेला. दोघांची प्रेतं जाळून राख ल्वारमध्ये टाकली, कारण राजाला त्यांची समाधी नको होती. हत्येनंतर तिसरा आंरी खालच्या मजल्यावर आजारी पडलेल्या आईकडे, कॅथरीन द मेदिचीकडे, गेला आणि आता मी खरा राजा झालो असं म्हणाला, अशी कथा आहे. ती १५८९ च्या ५ जानेवारीला वारली. १ ऑगस्टला सँ-क्लूमध्ये झाक क्लेमाँ नावाच्या तरुण जोगड्याने पत्र देण्याच्या मिषाने राजाच्या पोटात सुरी खुपसली. दुसऱ्या दिवशी राजा मेला. गादीवर आला तो नावारचा आंरी, ज्याला अडवण्यासाठी हे सगळं चाललं होतं. त्यालाही १६१० मध्ये पॅरिसच्या रस्त्यात राव्हायाकने भोसकलं.

ही साखळी एका चौकटीत मावणार नाही हे मला कळतं. पण प्रेताला ख्रिस्तासारखं मांडण्याची गरज नव्हती. पडलेला माणूस स्वतःही कुणाच्या तरी प्रेताची खात्री करायला उभा राहिला होता, याची एखादी खूण दलारोशला ठेवता आली असती, आणि ती ठेवली असती तर ती मधली जमीन आणखी ओलांडायला अवघड झाली असती.

चित्रकारांनी मात्र ती जमीन उचलली. दलारोशचा शिष्य झाँ-लेओं झेरोम याने १८६७ मध्ये पूर्ण केलेल्या ‘सीझरच्या मृत्यू’त पाहा : खाली डाव्या बाजूला झाकोळलेलं प्रेत, उलटलेलं आसन, फरशीचा विस्तीर्ण पट्टा आणि पाठ फिरवून निघालेले खंजीरधारी. गुरूने आखलेली खोली शिष्याने रोममध्ये नेली आहे. पुढे १७ नोव्हेंबर १९०८ ला पॅरिसमध्ये गीझच्या हत्येवरचा मूकपट दाखवला गेला तेव्हा त्याच्यासाठी कामिय सँ-साँसने खास संगीत रचलं होतं. सँ-साँसचा जन्म १८३५ चा, हे चित्र लोकांनी पहिल्यांदा पाहिलं त्याच वर्षीचा.

शांतिई

फर्दिनाँ-फिलिपच्या विधवेचा चित्रसंग्रह १८५३ मध्ये पॅरिसला विकायला निघाला. दलारोशचं चित्र घेतलं फर्दिनाँ-फिलिपच्या धाकट्या भावाने, ओमालचा ड्यूक आंरी याने. तो स्वतः इंग्लंडमध्ये परागंदा होता. देशात पाऊल ठेवता येत नव्हतं, पण थोरल्या भावाच्या भिंतीवरचं चित्र त्याने परक्याच्या हाती जाऊ दिलं नाही. ‘ओमाल’ हा किताबही एकेकाळी गीझ घराण्याच्याच एका शाखेचा. आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्याला मुलगा झाला त्याला किताब दिला तो गीझच्या ड्यूकचा.

म्हणजे ज्या घरात ते प्रेताचं चित्र होतं त्या घरात गीझचा ड्यूक नावाचं एक मूल वाढत होतं. हे मला जेव्हा पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी तासाच्या मध्येच होते, आणि बोलता बोलता थांबले. तो मुलगा १८७२ मध्ये अठराव्या वर्षी गेला. त्याचा थोरला भाऊ सहा वर्षं आधीच वारला होता.

ओमालला वारस उरला नाही. १८८६ मध्ये त्याने पॅरिसच्या उत्तरेचा शांतिईचा वाडा, त्यातली सगळी चित्रं आणि ग्रंथ यांसह, आंस्तित्यू द फ्रांस या फ्रान्सच्या विद्वत्संस्थेला देऊन टाकला. अटी दोन : मांडणी बदलायची नाही आणि कलाकृती बाहेर उसन्या द्यायच्या नाहीत. तो १८९७ मध्ये वारला, पुढच्या वर्षी वाडा ‘म्युझे काँदे’ म्हणून लोकांसाठी उघडला. अँग्रचं स्त्रातोनीसही तिथेच आहे.

म्हणून हे चित्र लंडनला किंवा न्यूयॉर्कला कधी आलं तर पाहू, असं म्हणायची सोय नाही. पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकावरून शांतिईची गाडी मिळते, प्रवास अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा. वर्गातली एक मुलगी पुढे शिकायला फ्रान्सला गेली होती. तिथून तिने मला एक फोटो पाठवला. चित्राचा नव्हता. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या लोकांचा होता, पाठमोरा : पाच-सहा माणसं, एकमेकांना चिकटून, सगळी डावीकडे, आणि उजवीकडच्या अर्ध्या भागासमोर कुणीच नाही.